पिट्युटरी आणि तिच्या हाताखालच्या ग्रंथी : खान्देशातल्या ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हार्मोनबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. क्रम काटेकोर नाही. जिथे लोक जास्त फसतात तिथे उत्तर लांबलं आहे.

ही पिट्युटरी असते कुठे?

नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडात एक छोटा खळगा आहे, त्यात. मराठी पुस्तकांत तिला पीयूषिका म्हणतात, दवाखान्यात सगळे पिट्युटरीच म्हणतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. ही जागा लक्षात ठेवा, गाठीच्या प्रश्नात ती पुन्हा येईल.

तिचे दोन भाग आहेत. पुढचा भाग स्वतः हार्मोन बनवतो: गळ्यातल्या थायरॉईडला चालवणारा टीएसएच, मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनलला चालवणारा एसीटीएच, अंडाशय आणि वृषणांना चालवणारे एफएसएच व एलएच, वाढीचा ग्रोथ हार्मोन आणि दुधाचा प्रोलॅक्टिन. मागचा भाग काही बनवत नाही. वर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार झालेले दोन हार्मोन तो साठवतो आणि लागतील तसे सोडतो. एक लघवी आवरणारा व्हॅसोप्रेसिन, दुसरा बाळंतपणातला आणि पान्ह्याचा ऑक्सिटोसिन.

म्हणजे शरीरातल्या सगळ्या ग्रंथी तिच्याच हुकमात?

नाही. साखर सांभाळणारं स्वादुपिंड तिला विचारत नाही, ते थेट रक्तातली साखर बघून इन्सुलिन सोडतं. कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथीही स्वतंत्र आहेत. नावात थायरॉईड असलं तरी त्यांचा टीएसएचशी संबंध नाही. ॲड्रिनलमधला मीठ-पाणी राखणारा अल्डोस्टेरॉनही मुख्यतः मूत्रपिंडाचं ऐकतो.

शिवाय पिट्युटरीच्याही वर हायपोथॅलॅमस बसलेला आहे. त्याचे निरोप हार्मोनच्या रूपात खाली येतात, हे सिद्ध करायला रॉजर गिलमन आणि अँड्र्यू शॅली या दोघांनी कत्तलखान्यांतून आणलेले मेंढ्यांचे आणि डुकरांचे लाखो मेंदू-तुकडे वाटून त्यांचा अर्क काढला. एकमेकांशी चुरस करत १९६९ मध्ये दोघांनीही थायरॉईडसाठीचा पहिला निरोप ओळखला. १९७७ चं नोबेल त्यांना मिळालं, आणि रक्तातले हार्मोन मोजण्याची पद्धत शोधणाऱ्या रोझलिन यॅलो यांनाही. आज तालुक्याच्या लॅबमध्ये संध्याकाळपर्यंत टीएसएचचा रिपोर्ट हातात पडतो, त्यामागे ही मेहनत आहे.

रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलाय. म्हणजे थायरॉईड वाढलं ना?

उलट आहे. बहुतेक वेळा थायरॉईड कमी पडलेलं असतं.

रावेरकडे केळीची गाडी भरताना बघा. मजूर झपाझप घड लावत असले तर मुकादम शांत असतो. मजूर थकले, हात मंदावले की त्याचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे हा मुकादमाचा आवाज. थायरॉईडचं काम ढेपाळलं की पिट्युटरी ओरडायला लागते. थायरॉईड जास्त काम करत असेल तर टीएसएच जवळपास शून्यावर येतो.

थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचा हार्मोन, थोडंसं घटलं तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढतो, म्हणून सुरुवातीचा बिघाड तो लवकर पकडतो. बहुतेक लॅब साधारण ०.४ ते ४ च्या आसपासची मर्यादा छापतात. पण ५ किंवा ६ आला म्हणून लगेच जन्माची गोळी लागली असं नाही. वय जास्त असेल तर तो आपोआप थोडा वर असतो, तापातून उठल्यावरही काही दिवस वाढतो. अशा वेळी काही आठवड्यांनी फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) सह पुन्हा तपासावं. गरोदरपणाचा हिशोब मात्र वेगळा. तिथे थांबून बघायचं नसतं, आणि आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईचा डोसही दिवस राहताच वाढवावा लागतो.

केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस थांबवा. त्या गोळ्यांनी काही यंत्रांवर आकडे साफ चुकीचे येतात.

टीएसएच नॉर्मल आहे, तरी डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात. उगाच खर्च?

मुकादमाचाच घसा बसला असेल तर? मजूर झोपले तरी ओरडणार कोण? पिट्युटरी स्वतः आजारी असेल तर थायरॉक्सिन कमी असूनही टीएसएच नॉर्मल दिसतो, कधी कमी, क्वचित किंचित जास्त. नुसत्या टीएसएचवर विसंबलं की असा रुग्ण ‘सगळं ठीक आहे’ ऐकून घरी जातो आणि वर्षानुवर्षं थकलेलाच राहतो. वरची आणि खालची, दोन्ही पातळ्या एकत्र वाचाव्या लागतात. थायरॉईडसाठी टीएसएचबरोबर फ्री टी-४, ॲड्रिनलसाठी सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल (ॲड्रिनल बनवते ते शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड) आणि गरज पडल्यास एसीटीएच, पाळीच्या तक्रारीत इस्ट्रोजेनबरोबर एफएसएच आणि एलएच.

याचा अर्थ जाहिरातीतलं ‘फुल बॉडी हार्मोन पॅकेज’ करा असा नाही. माझ्या मते त्यातले निम्मे पैसे वाया जातात. कोणती तपासणी करायची हे तक्रारीवरून ठरतं, आणि त्याहून जास्त मागच्या इतिहासावरून. पुढचे तीन प्रश्न त्या इतिहासाचेच आहेत.

बाळंतपणात फार रक्त गेलं होतं. त्याचा आताच्या थकव्याशी काय संबंध?

संबंध असू शकतो, आणि हा प्रश्न आपल्या भागात अजून पुरेसा विचारला जात नाही.

गरोदरपणात दूध आणणाऱ्या पेशी वाढतात आणि पिट्युटरी मोठी होते. तिला मिळणारं बरंचसं रक्त मात्र कमी दाबाच्या बारीक नसांतून येतं. बाळंतपणात रक्तस्राव होऊन ब्लडप्रेशर फार खाली गेलं की ही फुगलेली ग्रंथी उपाशी पडते आणि तिचा मोठा भाग मरतो. १९३७ मध्ये शीहान या इंग्रज डॉक्टरांनी हे नीट मांडलं, म्हणून त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. जिथे बाळंतपणं वेळेवर दवाखान्यात होतात आणि रक्त लगेच मिळतं, तिथे हा आजार आता विरळ झाला आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवरून रुग्णालयापर्यंतचा रस्ता ज्यांनी पाहिलाय, त्यांना इथे तो अजून का दिसतो हे वेगळं सांगायला नको.

पहिली खूण बाळंतपणानंतर लगेच दिसते: छातीत दूधच उतरत नाही. घरात मात्र ‘हिला दूधच कमी’ म्हणून विषय संपतो. मग पाळी परत येत नाही. काखेतले केस गळतात, चेहरा फिका पडतो, थंडी सोसत नाही, भूक मरते. यातल्या कशानेच कोणी घाबरत नाही, म्हणून निदानाला कधी कधी दहा-पंधरा वर्षंही लागतात. बाई म्हणते, “माले बरं वाटत नही, पन काय व्हस ते सांगता येत नही.” तिला रक्त वाढवायच्या गोळ्या मिळतात, सलाईन लागतं. सलाईनने दोन दिवस तरतरी येते आणि पुन्हा तेच. शेवटी एखाद्या साध्या तापात किंवा जुलाबात ती बेशुद्ध होऊन येते, आणि रक्तात सोडियम आणि साखर दोन्ही तळाला गेलेले असतात.

एक बारकावा डॉक्टरांसाठीही महत्त्वाचा आहे. ॲड्रिनल ग्रंथीच निकामी झाली (पूर्वी आपल्याकडे क्षयरोगाने हे बरंच व्हायचं) तर एसीटीएच वाढतो आणि हिरड्या, हाताच्या रेषा, जुने व्रण काळवंडतात. पिट्युटरी निकामी झाली तर एसीटीएचच नसतो, म्हणून कातडी फिकी पडते. दोन्हीत कॉर्टिसॉल कमीच असतं, फरक रंगात दिसतो.

उपचार सोपे आणि स्वस्त आहेत. पण क्रम चुकला तर जिवावर बेततं. आधी हायड्रोकॉर्टिसोनसारखं स्टेरॉईड, मगच थायरॉईडची गोळी. थायरॉक्सिन आधी दिलं तर शरीरात उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि रुग्ण कोसळतो.

आशाताईंना आणि सासरच्या मंडळींना एवढंच सांगणं: बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं का, त्यानंतर दूध उतरलं का, पाळी आली का, हे तीन प्रश्न विचारा.

साप चावण्याचा आणि हार्मोनचा काही संबंध असतो का?

घोणस असेल तर असतो. घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची व्यवस्था बिघडते. त्यात पिट्युटरीमध्ये रक्तस्राव होऊ शकतो किंवा बारीक गुठळ्यांनी तिचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्यानमार आणि दक्षिण भारतातून असे रुग्ण नोंदले गेले आहेत, विशेषतः ज्यांची किडनीही निकामी झाली होती त्यांच्यात. काहींत लगेच, तर काहींत महिन्या-वर्षांनी लक्षात आलं. दाढी येणं कमी झालं, इच्छा गेली, थकवा हटेना.

आपल्याकडे केळीच्या बागांत, कापसाच्या आणि मक्याच्या शेतात, रात्री पाणी भरताना घोणसाशी गाठ पडतेच. साप चावून वाचलेल्या बहुतेकांना हा त्रास होत नाही. पण डायलिसिसपर्यंत वेळ गेली असेल तर पुढे कधीही न जाणारा थकवा आल्यास डॉक्टरांना सर्पदंशाची गोष्ट स्वतःहून सांगा. ती कोणी विचारत नाही.

गुडघ्यासाठी पुडीतल्या गोळ्या घेतो. त्या बंद केल्या की अंगातली ताकदच जाते. का?

कारण त्या पुडीत बहुधा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड आहे. ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘जडीबुटी’ म्हणून आठवडी बाजारात विकल्या जाणाऱ्या काही पावडरींतही ते मिसळलेलं सापडतं. दुखणं दोन दिवसांत पळतं, भूक लागते, चेहरा भरतो, घरचे म्हणतात तब्येत सुधारली.

आत वेगळंच चालू असतं. बाहेरून स्टेरॉईड येतंय म्हटल्यावर पिट्युटरी एसीटीएच सोडणं थांबवते आणि ॲड्रिनल आक्रसतात. तीन आठवड्यांहून जास्त हे चाललं की ग्रंथी झोपलेल्या आहेत असं धरूनच चालावं लागतं. मग अचानक गोळी थांबली, किंवा गोळी चालू असतानाच मोठा ताप आला, ऑपरेशन निघालं, तर गरजेचं कॉर्टिसॉल बनवायला कोणी नसतं. उलट्या, पोटदुखी, चक्कर, पडलेलं ब्लडप्रेशर अशा रूपात हे समोर येतं. बाहेरून बघाल तर गोल चेहरा, पोट सुटलेलं, हातपाय काड्या, कातडीवर जांभळ्या रेघा, म्हणजे स्टेरॉईड उतू जातंय असं दिसतं. सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं तर ते जवळपास शून्य.

१९३२ मध्ये हार्वे कुशिंग यांनी पिट्युटरीच्या गाठीमुळे असाच चेहरा-मोहरा होतो हे लिहिलं. ती गाठ दुर्मीळ आहे. आपल्याकडचे बहुतेक ‘कुशिंग’ पुडीतून आलेले असतात.

तेव्हा पुडी कचऱ्यात टाकून मोकळे होऊ नका, ती घेऊन डॉक्टरांकडे या. डोस हळूहळू उतरवावा लागतो, ग्रंथी जाग्या व्हायला काही महिने जातात, कधी वर्षही. दमा, संधिवात किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉईड मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याला हे वाचून हात लावू नका.

बाळ नाही, गरोदर नाही, तरी छातीतून दूध येतं.

प्रोलॅक्टिन वाढलेला असू शकतो. एमआरआयला पळण्याआधी तीन गोष्टी: गरोदरपणाची चाचणी, टीएसएच, आणि चालू असलेल्या औषधांची यादी. ॲसिडिटी-मळमळीच्या गोळ्यांतलं डोम्पेरिडोन हे नेहमी सापडणारं कारण. ती गोळी लोक मेडिकलमधून सहज घेतात आणि औषध म्हणून मोजतच नाहीत. मानसिक आजारांवरची काही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात, पण ती मनाने बंद करू नयेत.

खरोखर पिट्युटरीत गाठ निघाली तरी ही गाठ बहुधा ऑपरेशनशिवाय बरी होते. आठवड्यातून एक-दोनदा कॅबरगोलिन घेतलं की ती आक्रसते, पाळी सुरू होते. पुरुषांना ही गाठ होत नाही असं नाही, त्यांना फक्त उशिरा कळते. नपुंसकतेच्या जाहिरातींवर पैसे उडवून झाल्यावर.

मुलगा वर्गात सगळ्यांत बुटका आहे. उंचीची इंजेक्शनं द्यावीत का?

आधी दर सहा महिन्यांनी उंची मोजून लिहा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. ४ पेक्षा कमी वाढत असेल तर तपासावं. आईवडीलच बुटके असतील आणि वेग नीट असेल, तर तो त्यांच्या वळणावर गेलाय, बस. मंद वाढीची नेहमीची कारणं कुपोषण, थायरॉईड, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आजार, आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल. सिकलसेलच्या मुलांत वाढ आणि वयात येणं दोन्ही लांबतं.

ग्रोथ हार्मोनची कमतरता सिद्ध झाली तर रोज एक इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं. ते महाग आहे, पण गुण येतो. हाडांची टोकं जुळल्यावर मात्र काहीही उपयोग नाही. टीव्हीवरच्या उंचीच्या पावडरींचा तर कधीच नाही.

अंगठी बोटात जात नाही, चपलेचा नंबर वाढला. चाळिशीत?

चाळिशीत पाय वाढत नसतात. जबडा पुढे येणं, दातांत फटी, घाम, घोरणं, जोडीला शुगर-बीपी असेल तर ग्रोथ हार्मोन जास्त बनवणारी गाठ शोधावी लागते. या आजाराला १८८६ मध्ये पिएर मारी यांनी ॲक्रोमेगाली नाव दिलं. बदल इतका संथ असतो की घरच्यांना दिसत नाही. लग्नाचा जुना फोटो घेऊन या, आम्हाला तो रिपोर्टाइतकाच उपयोगी पडतो. रक्तातला आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून बनणारा हार्मोन) तपासला की पहिलं उत्तर मिळतं.

मे महिन्यात तहान भागतच नाही, सारखी लघवी होते. उन्हामुळे असेल का?

भुसावळचा पारा ४५ ला टेकतो तेव्हा तहान सगळ्यांनाच लागते. पण उन्हात निरोगी माणसाची लघवी कमी आणि पिवळी होते, कारण व्हॅसोप्रेसिन वाढून किडनीला पाणी राखायला सांगतो. भर उन्हाळ्यातही लघवी भरपूर, पाण्यासारखी होत असेल आणि रात्री तीन-चारदा उठावं लागत असेल, तर ऊन हे कारण नाही. आधी शुगर तपासा, बहुतेकांचं उत्तर तिथेच मिळतं.

शुगर नॉर्मल असेल तर २४ तासांची लघवी मोजा. मोठ्या माणसात ३ लिटरच्या वर गेली तर व्हॅसोप्रेसिनची कमतरता किंवा किडनीने त्याचं न ऐकणं तपासावं लागतं. याला पूर्वी डायबेटिस इन्सिपिडस म्हणत. साखरेच्या डायबेटिसशी घोटाळा व्हायचा, भरती झालेल्या रुग्णाचं औषध राहून जायचं, म्हणून २०२२ मध्ये नाव बदललं. डेस्मोप्रेसिनने फरक पडतो. तपासणी होईपर्यंत पाणी तोडू नका. सोडियम चढून फिट येऊ शकते.

म्हशीला पान्ह्याचं इंजेक्शन देतात. ते दूध पिऊन मुली लवकर वयात येतात म्हणे?

ते ऑक्सिटोसिन. नऊ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी पोटात पचून जाते, आणि तिचा वयात येण्याशी संबंधही नाही. ते काम हायपोथॅलॅमसकडून येणाऱ्या ठोक्यांचं आणि एफएसएच-एलएचचं. मुलीत आठ वर्षांच्या आधी छाती वाढायला लागली तर तपासून घ्या, दुधाला दोष देत बसू नका. हल्ली वाढलेलं वजन हे एक खरं कारण आहे.

म्हशीसाठी मात्र ते इंजेक्शन क्रूर आहे. जनावराला अपाय करणारी अशी इंजेक्शनं दूध वाढवायला देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

मीठ कोणतं वापरावं? खडे मीठ चांगलं म्हणतात.

आयोडीनचं. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनच असतं. ते नसेल तर पिट्युटरी ओरडत राहते आणि गळ्याची गाठ वाढते. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन हवं, म्हणजे १० ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम, मोठ्या माणसाची दिवसाची गरज. मिठाचा डबा चुलीजवळ उघडा ठेवू नका. बिनआयोडीनचं खडे मीठ लोणच्याला वापरा हवं तर, रोजच्या भाजीला नको, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर.

बाळ जन्मल्यावर टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच तपासतात, तो नाकारू नका. जन्मजात थायरॉईड कमी असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर बुद्धी वाचते.

दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय केला, त्यात पिट्युटरीत ४ मिलिमीटरची गाठ निघाली. कॅन्सर?

जवळपास कधीच नाही. असे ठिपके दहापैकी एखाद्या निरोगी माणसातही दिसतात. १० मिलिमीटरच्या आतली गाठ हार्मोन जास्त बनवत नसेल तर तिच्यावर फक्त लक्ष ठेवतात. गाठ मोठी होऊन वरच्या डोळ्यांच्या नसांवर दाबू लागली की दोन्ही बाजूंची नजर कमी होते. माणूस दाराच्या चौकटीला धडकतो, मोटरसायकल चालवताना बाजूने येणारी गाडी दिसत नाही. तेव्हा ऑपरेशन लागतं, आणि ते बहुधा नाकातून होतं, डोकं उघडावं लागत नाही.

अचानक भयंकर डोकेदुखी, उलट्या आणि दिसेनासं होणं एकत्र आलं तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. सकाळची वाट बघू नका.

गोळ्या कधी घ्यायच्या? उपवासाला चालतात का?

थायरॉईडची गोळी उठल्यावर पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच तपासून उपयोग नाही, पिट्युटरीला नव्या पातळीवर स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास करू नये. आखाजीला माहेरी जाताना, कानबाईच्या रोटांच्या गडबडीत गोळ्या घरी विसरू नयेत. ताप आला तर डोस दुप्पट करायचा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर जवळच्या दवाखान्यात जाऊन हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घ्यायचं. ‘स्टेरॉईडवर आहे, अचानक बंद करू नये’ अशी चिठ्ठी पाकिटात असू द्या.

दाखवायचं कुठे, आणि सोबत काय न्यायचं?

सुरुवात एमडी मेडिसिनच्या डॉक्टरांपासून करा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हार्मोनतज्ज्ञ किंवा नाकातून पिट्युटरीचं ऑपरेशन करणारे सर्जन लागले तर ते नाशिक, पुणे किंवा मुंबईला पाठवतील.

सोबत जुनं बाळंतपणाचं कार्ड, सर्पदंशाचा किंवा डायलिसिसचा कागद, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या पाकिटांसकट. पुडीतल्याही. कॉर्टिसॉल तपासायचं असेल तर मुक्कामाला आदल्या रात्रीच या, दुपारी पोहोचून दिलेल्या रक्ताचा त्या तपासणीला उपयोग होत नाही.